सखुबाईंचे दहापैकी दहा

"साबण न्हाई माय, पावणा हाय त्यो. ताटावर आणून बसवला का बसून राहतो. कामाला हात म्हणून लावत न्हाई."

भांडी घासायच्या नव्या वडीबद्दल सखुबाईंनी दिलेलं हे पहिलं मत. समोर कंपनीची मुलगी प्रतिक्षा मोबाइल घेऊन बसली होती. तिनं फक्त 'साबण कसा वाटला, काकू?' एवढंच विचारलं होतं. उत्तर ऐकून ती आधी खुदकन हसली आणि मग शब्दन् शब्द टाइप करत बसली.

सखुबाई आमच्या शेजारी. कुरुंद्यात आमच्या दोन घरांची भिंत एकच, त्यामुळे त्यांच्याकडे फोडणी पडली की ठसका आम्हाला लागतो. प्रतिक्षा वसमतची. बाजारात नवीन माल आणायच्या आधी कंपन्या तो पांढऱ्या पाकिटात घालून काही घरांत वापरायला देतात. वरती नाव नाही, चित्र नाही, नुसता आकडा. वापरा, मत सांगा, उरलेलं तुमचं. आणि सगळ्या फेऱ्या नीट पार पाडल्या तर शेवटी मिक्सर. प्रतिक्षाला स्वतःच्या हातानं रांधणाऱ्या, धुणाऱ्या बायका हव्या होत्या. आमच्या गल्लीत तिनं सखुबाईंना निवडलं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून प्रत्येक फेरीला माझी हजेरी.

कपड्याची पावडर आली ती हळद शिजवायच्या दिवसांत. त्या दिवसांत आमच्या गावात पांढरा सदरा पांढरा राहत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त पावडरीला माहीत नव्हतं. सखुबाईंनी ग्यानबांचा, म्हणजे त्यांच्या मालकांचा, सदरा प्रतिक्षापुढं धरला. "पावडर इमानदार हाय बरं का. डाग एका जागी होता, तो तिनं सगळ्या सदऱ्याला बराबर वाटून दिला."

फरशी पुसायच्या औषधाबद्दल म्हणाल्या, "पुसून झालं आन् हे दारातूनच वरडले, कोणाला सलाईन लावलं म्हणून."

वरच्या ऑफिसात ही मतं मोठ्यानं वाचली जातात, असं प्रतिक्षा सांगायची. "काकू, साहेब म्हणतात, ही बाई सोडू नका." सखुबाई वरवर म्हणायच्या, "मला काय त्याचं," पण त्या दिवशी चहात साखर जास्त पडायची.

खरं म्हणजे त्यांना साहेबांच्या कौतुकाचं काही नव्हतं. त्यांना मिक्सर पाहिजे होता. आणि तोही वाटणासाठी कमी, संगितासाठी जास्त.

संगिता ही धाकटी जाऊ. एकाच अंगणात समोरासमोर दोन चुली. संगिताकडे मिक्सर होता, नांदेडहून आणलेला, वर क्रोशाचं झाकण घातलेला. सखुबाईंना काही वाटायचं असलं की अंगण ओलांडून जावं लागे. संगिता कधी नाही म्हणत नसे. "न्या की बाई, तुमचंच हाय," असंच म्हणायची. मग पुढचं सुरू व्हायचं. "फक्त लई येळ फिरवू नका, मोटर गरम होती. झाकण दाबू नका. आन् काळा मसाला तेवढा नका वाटू, वास धरतो."

सखुबाई मिक्सर पोटाशी धरून परत येताना मला म्हणायच्या, "वैनी, मी यंत्र आणून राहिले का कोणाचं तान्हं लेकरू सांभाळायला आणून राहिले?"

ग्यानबांना मिक्सर घ्या म्हणून त्यांनी सांगून पाहिलं होतं. ग्यानबांचं उत्तर ठरलेलं. "समोर हाय की एक. एका आंगणात दोन काहून पाह्यजेत?" पुरुषमाणसाला अंगण एक दिसतं. त्यातून रिकामी वाटी घेऊन चालत जावं लागतं ते बाईला.

साबण, पावडरी संपल्या आणि खायच्या वस्तूंच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथं सगळं अडलं.

पहिली आली बिस्किटं. आम्ही तिघींनी खाल्ली. चहात घातल्याबरोबर अर्धं बिस्किट तळाला गेलं आणि परत आलं नाही. प्रतिक्षानं विचारलं, "किती गुण, काकू? दहापैकी?"

"दहा."

"चव आवडली?"

"दहा."

"काकू, ते विरघळलं की!"

"तसं मी म्हणलं न्हाई. तू म्हणलीस."

मग मसाला आला. रस्सा केला तर तो नुसता लाल झाला, तिखटाचा पत्ता नाही. सखुबाई खूप वेळ विचार करून म्हणाल्या, "मसाल्याला मी काही म्हणत न्हाई. मिरची लांबून आली असल. थकली बिचारी."

"म्हणजे तिखट कमी आहे असं लिहू?"

"काहून लिहती? थकल्याला कोणी वाईट म्हणतं व्हय? दहा लिव."

चहाच्या भुकटीलाही दहा. शेवयांचा लगदा झाला, त्यालाही दहा.

ताटातल्याला नावं ठेवायची नाहीत, हे सखुबाईंचं माहेरचं वळण. लहानपणी आमटी खारट आहे म्हणाल्या तर आईनं समोरचं ताट उचललं होतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परत मांडलं नव्हतं. सासरही त्याच वळणाचं मिळालं. ग्यानबांनी लग्न झाल्यापासून जेवताना भाजीबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. मीठ कमी असलं तर हात लांबवून बरणी ओढून घेतात, एवढीच काय ती टीका. साबणाची गोष्ट वेगळी, तो कोणी खात नाही. पण अन्नाला वाईट म्हणायला सखुबाईंची जीभच वळेना.

मग एक दिवस प्रतिक्षा तोंड पाडून आली. वरून फोन आला होता. सगळ्याला सारखेच गुण देणाऱ्यांची उत्तरं ऑफिसात धरत नाहीत. आता शेवटची वस्तू. तिलाही न बघता दहा दिले तर नाव कटणार, आणि मिक्सर दुसऱ्या गावातल्या कुणाला तरी जाणार.

शेवटची वस्तू होती झटपट पिठलं. गरम पाण्यात टाका, हलवा, वाढा.

"पिठलं?" सखुबाईंनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. "पिठल्याला असा कोणता उशीर लागून राहिला होता?"

तरी त्यांनी मी वाचून दाखवलं तसंच केलं. पाणी मोजून, चमचा मोजून. भाकरी टाकल्या. आम्ही खाल्लं. प्रतिक्षानं एक घास खाल्ला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. मी दुसरा घास घेतला तो केवळ शेजारधर्म म्हणून.

"किती, काकू?"

सखुबाईंनी भाकरीकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं.

मी म्हटलं, "सखुबाई, कारखान्यातली पूड आहे ही. हिला कुठं अन्न म्हणायचं?"

"हरभऱ्याची हाय ना? मग शेतातून आली का आभाळातून पडली?"

तेवढ्यात संगिता आली. तिला वास लागतोच. ओसरीच्या काठावर टेकून तिनं बोटभर पिठलं चाटलं आणि डोळे मिचकावले. "बाई, मी सांगते ना! वाईट बोलायला मला काही तकलीफ न्हाई. लिव गं पोरी माझं."

हे खरंच होतं. संगिता लग्नातली बुंदी पानात पडायच्या आधी नाव ठेवून मोकळी होते. पण प्रतिक्षानं मान हलवली. ज्यांनी रांधलं त्यांचंच मत लागतं, दुसऱ्याचं चालत नाही.

सखुबाईंचा जीव भांड्यात पडला, ते मी पाहिलं. संगिताच्या जिभेवर मिळालेला मिक्सर घरात ठेवायचा म्हणजे जन्मभर तिचंच ऐकून घ्यायचं. त्यापेक्षा अंगण ओलांडलेलं बरं.

"जाऊ दे माय," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "दहाच लिव. न्हाई व्हायचं आपल्याच्यानं. जाईल मिक्सर तर जाईल."

प्रतिक्षाचं बोट मोबाइलवर गेलंच होतं. इतक्यात ग्यानबा शेतातून आले. दारातून आत येताना त्यांचं लक्ष चपला काढण्याकडे. ओसरीवर ठेवलेल्या पाकिटाला त्यांचा पाय लागला. ते वाकले, पाकिटाला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि हातपाय धुवायला मागं निघून गेले.

सखुबाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या.

"थांब," त्या म्हणाल्या. "थांब माय, दाबू नको."

त्या उठल्या. आतून पाट आणला, पाटावर पाकीट ठेवलं. करंडा आणून पाकिटाला हळदकुंकू वाहिलं. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बाई, हे काय करून राहिल्या?" संगिता म्हणाली.

"लाथ लागली तर पाया पडून माफ होतंय ना? मग शब्द लागला तर काहून व्हायचं न्हाई?" सखुबाईंनी पाकिटापुढं हात जोडले, डोळे मिटले. "माय, मोठ्या मनानं घे. पोटात काही नव्हतं, तोंडात आलं म्हणून बोलून राहिले."

डोळे उघडले आणि त्या प्रतिक्षाकडे वळल्या. "हं. लिव आता."

आणि मग जे सुरू झालं!

"मोहरी हाय, पण तडतडली न्हाई. पाण्यात पोहून राहिली निस्ती. लसूण नाकाला हाय, तोंडाला न्हाई. हळद घातली का लांबून दाखवली? कुरुंद्यात बसून ही हळद मी कोणाला सांगू? भाकर एकीकडं चालली, पिठलं एकीकडं, दोघांचं नांदणंच न्हाई. आन् एवढं गुळगुळीत कशाला? पिठल्याला एखादी गुठळी पाह्यजे, खाणाऱ्याला कळलं पाह्यजे का घरी केलंय!"

"हळू, काकू, हळू," प्रतिक्षा दोन्ही अंगठ्यांनी टाइप करत होती. "किती गुण?"

"दोन."

"दोन कशाचे?"

"एक मिठाचा, मीठ बराबर हाय. एक पाकिटाचा, कैची न लावता फाटतं."

त्या थांबतील असं आम्हाला वाटलं. पण इतक्या महिन्यांचं साठलेलं होतं. त्यांनी पुन्हा हात जोडले आणि बिस्किटाकडे वळल्या. त्या फेऱ्या बंद झाल्या आहेत असं प्रतिक्षा सांगत होती, तिकडे लक्षच नाही. बिस्किट म्हणजे माहेरी निघालेली नवी नवरी, चहा दिसला का सुटलीच. शेवया वाढायच्या का लिंपायच्या, तेही पाकिटावर लिहा म्हणावं. थकलेल्या मिरचीला तर कामावरूनच काढून टाकलं. प्रत्येक वस्तूच्या आधी एक नमस्कार, मग झोडपणं. संगिता ओसरीच्या काठावरून कधी आत येऊन बसली ते कळलं नाही. असं बोलणं तिनं या घरात पहिल्यांदाच ऐकलं होतं आणि एका जाणकारानं दुसऱ्याला द्यावी तशी ती दाद देत होती.

मिक्सर आला. खोक्यातून, थर्माकोलसकट, तीन भांड्यांचा. प्रतिक्षानं तो ओसरीवर उघडला तेव्हा संगिता समोरच्या दारात उभी होती. "रंग जरा उडालेला वाटतो," ती म्हणाली. सखुबाईंना त्या दिवशी ते वाक्यही गोड लागलं असणार.

पण गल्लीत एक नवीच भीती शिरली. सखुबाईंनी ताटापुढं हात जोडले की आता काहीतरी बाहेर पडणार, असं सगळ्यांनी धरलं. संगितानं वाटीभर वांग्याची भाजी पाठवली तर सखुबाईंनी सवयीनं नमस्कार केला, संगिता अंगणातूनच ओरडली, "बाई, वांगी जून होती, मला म्हाईत हाय!" एका बारशाला पंगतीत त्यांनी जेवणाआधीचे हात जोडले आणि आचारी पळत आला, "काकू, काय कमी पडलं?" बिचाऱ्यांनी अजून घास घेतला नव्हता.

नव्या मिक्सरमध्ये पहिली वाटली ती शेंगदाण्याची चटणी. मी भाकरीचं पीठ परत द्यायला गेले होते, म्हणून तिथं होते. ग्यानबा जेवायला बसले. सखुबाईंनी ताटात चटणी वाढली आणि समोर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"कशी झाली?"

ग्यानबांचा घास हातात राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिठाच्या डब्याकडे पाहिलं.

"बोला की. आता चालतंय आपल्या घरात."

ग्यानबांनी चटणीला बोट लावलं, ते कपाळाला लावलं. मग खाली बघत म्हणाले, "पाट्यावरची बरी व्हती."

मला वाटलं, आता मी निघावं. सखुबाईंनी ताटातली चिमूटभर चटणी उचलून तोंडात टाकली. डोळे मिटून चघळली. पुन्हा एकदा घेतली.

"तेल सुटलं न्हाई दाण्याचं," त्या म्हणाल्या. "पीठच झालं निस्तं."

मागच्या मोरीत पाटा कपडे धुवायला घातलेला होता. दुसऱ्या दिवशी तो घासूनपुसून घरात आला, त्यावर वरवंटा फिरायला लागला. मिक्सर मात्र रोज सकाळी वाजतो. आमच्या भिंतीतून स्पष्ट ऐकू येतो, अंगणापलीकडे तर त्याहून स्पष्ट. एकदा मी न राहवून विचारलं, "चटणी पाट्यावर करता, मग हे रोज काय वाटता?"

सखुबाईंनी समोरच्या दाराकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी आल्या.

"साखर," त्या म्हणाल्या. "डबा भरून पिठीसाखर झाली, वैनी. घेऊन जा थोडी. पण संगिताला नका सांगू."