एक तोळ्याची अंगठी नाकारणारी सून

मी, जनार्दन राऊत, वय एकाहत्तर, इयत्ता चौथी उत्तीर्ण, केळव्यातील बागायतदार, वाचनालयाचा हा फलक वाचणाऱ्या मंडळींस आजचा अनुभव सांगतो.

मुलाच्या साखरपुड्याला सुनेची अंगठी तोळ्याचीच हवी, म्हणून मी सुपारीच्या वाडीचा तुकडा विकायला काढला होता. आज पाम गावी व्याह्यांकडे सोनार बोटाचे माप घेऊ लागताच होणाऱ्या सूनबाईंनी हात मागे घेतला.

"मामा, कंपनीत मशीनवर अंगठी काढूनच ठेवायला लागते. पाव तोळा पुरे हाय. वाडी नका विकू, मला तिथंच नांदायचं हाय."

माझ्यापुढे आजवर घरात कोणी असे बोलले नव्हते. माझे हात आपोआप जोडले गेले. मंडळी, एवढ्या समजूतदारपणाला शोभेल अशी अंगठी किती तोळ्यांची करावी?

समक्ष हजर: माझी पत्नी, व्याही आणि निमूटपणे पाव तोळा लिहून घेणारा सोनार.