एकटीचा वर्ग

पल्लवी भोये सुरगाण्याकडची. तिचे आईवडील दिवाळीनंतर द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरीकडे उतरायचे, तेव्हा पोरीची शाळा बुडायची. तरी ती बी.ए. झाली आणि नाशिकच्या एका विद्यापीठात आली. तिथे नाट्यशास्त्रापासून मृदाशास्त्रापर्यंत काय वाट्टेल ते शिकता येत होतं. तिनं भाषाशास्त्र निवडलं.

"बी.एड. कर, नोकरी लागंल," आश्रमशाळेत मास्तर असलेले जयराममामा म्हणाले. "आपली बोली शिकाया विद्यापीठात कोण जातं?"

"मी जाते ना," पल्लवी म्हणाली.

तिच्या डोक्यात आत्या होती. आदल्या वर्षी झुंबरआत्याला दवाखान्यात नेलं, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "पोट दुखतंय का?" आत्या म्हणाली, "दुखत नाय. ओढतंय." त्यांच्या घरात जीवघेण्या कळीला ओढणंच म्हणत. डॉक्टरांना वाटलं, फारसं काही नसेल. गोळ्या देऊन घरी पाठवलं आणि आत्याचं अपेंडिक्स फुटलं. ती वाचली, पण वर्षभर उठून बसली नाही.

जुलैत विभागप्रमुखांनी पल्लवीला बोलावलं. "भाषाशास्त्राला तू एकटीच आहेस. एकीसाठी वर्ग चालवता येत नाही. समाजकार्याला जागा आहेत, तिकडे जा."

"प्रवेश तुम्हीच दिलाय, सर. मी नाही जाणार."

वर्गाला कुलूप लागलं. पल्लवी रोज तासाच्या वेळी बाहेरच्या व्हरांड्यात बसून वाचायची. सुरक्षारक्षक उठवायला आला की म्हणायची, "माझा तास चालू आहे." पोरं हसायची. तिला राग यायचा, रडूही यायचं. पण ती उठली नाही.

भाषाशास्त्राच्या किशोर सरांना मराठी विभागात हलवलं होतं. येता-जाता ते नजर चुकवायचे. एके दिवशी मात्र खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"वरून विचारणा झाली तर?" ते स्वतःशीच पुटपुटले.

"सांगा, विद्यार्थिनी हजर होती."

त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

पल्लवी तेवढ्यावर थांबली नाही. सार्वजनिक आरोग्य विभागात प्रतिभा नावाची संशोधक डोंगरी गावांतल्या बायकांच्या आजारांची पाहणी करत होती. उत्तरं जुळत नव्हती, म्हणून हैराण होती. पल्लवीनं तिला आत्याची गोष्ट सांगितली. दोघी मिळून गावोगाव फिरल्या. बायका कुठल्या वेदनेला काय म्हणतात, ते ऐकत राहिल्या आणि पाहणीतले प्रश्न त्यांच्याच शब्दांत नव्यानं विचारू लागल्या.

विषय पुढच्या वर्षी बंद झालाच. पल्लवीचं एम.ए. तेवढं पुरं होऊ दिलं. मग ती पीएच.डी.साठी आरोग्य विभागाच्या दारात उभी राहिली. मुलाखतीत एक सदस्य वैतागून म्हणाले, "हे भाषाशास्त्र आहे की वैद्यक? एक काहीतरी ठरवा."

"नाही ठरवणार," पल्लवी म्हणाली. "माझ्या आत्याच्या पोटात दोन्ही एकदमच होतं."

शेवटी प्रतिभाच्या मार्गदर्शक बाईंनी तिला आपल्याकडे घेतलं. दोन सदस्यांनी विरोध नोंदवला, तरी विषय मंजूर झाला.

सध्या ती पेठ तालुक्यातल्या गावांत फिरते आहे. विद्यापीठात भाषाशास्त्र पुन्हा सुरू करा, असा अर्ज ती दर जूनला करते. दर वर्षी नकार येतो. यंदाचा अर्जही देऊन झालाय.