वजन तं तेवढंच आहे

खेकड्याचं रक्त निळं असतं असं मी वर्गात सांगते, तेव्हा पोरं हसतात. हसा म्हणते, आणि हातात सिरिंज देते. पायाच्या बुडाशी, सांध्यावर कातडी मऊ असते तिथून रक्त काढायचं. आधी ते पाण्यासारखंच दिसतं, हवा लागली की हळूहळू निळसर होतं. मग हसणं बंद. नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि त्यातली बरीच वर्षं एकाच प्रश्नामागे: खेकड्याला उपाशी ठेवलं तर त्याच्या रक्ताचं काय होतं? लोक विचारतात, याचा उपयोग काय? काही नाही बाबा, तुम्ही जेवा सुखानं.

मौद्याकडच्या नाल्यातून खेकडे येतात. अर्ध्या टाक्यांत झिंग्याचे तुकडे टाकायचे, अर्ध्यांत नुसतं पाणी. रोज एकेकाला पुसून तोलायचं. दरवर्षी नवी पोरं येतात आणि तीच चूक करतात. उपाशी टाकीतला खेकडा तोलून म्हणतात, "मॅडम, याचं वजन तर तेवढंच आहे. याला काही फरकच पडत नाहीये." त्यांना वाटतं, चिवट प्राणी आहे. मग मी सांगते की बाबांनो, कवच म्हणजे डबा आहे. आतलं मांस जसजसं आटतं तसतसं त्या डब्यात पाणी भरतं. बाहेरून आकार तोच, तराजूवर आकडाही जवळपास तोच. रक्त काढा म्हणजे कळेल. साखर खाली गेलेली असते, पुढे प्रथिनंही जातात, निळेपणा विरत जातो, आणि शेवटी सिरिंजमध्ये जे येतं त्याला रक्त म्हणायलाही जीव धजत नाही. त्यानंतर अन्न टाकलं तरी काहीजण ते नांगीत धरून नुसते बसतात.

हे सगळं मला तोंडपाठ होतं, आणि तेच माझ्या घरात घडत होतं. यापेक्षा मला दुसरा एखादा विषय आला असता तर बरं झालं असतं.

माय शहराच्या दुसऱ्या टोकाला, नंदनवनला दादाकडे होती, मी इकडे धरमपेठेत. दादा माझ्याहून मोठा, हार्डवेअरच्या दुकानातून रिटायर झाल्यासारखाच. दुकान पोरं बघतात, हा घरी मायला बघतो. मायला विसर पडायला लागला तेव्हा आधी चष्मा, मग गल्ली, मग आमची नावं गेली. उपास मात्र गेले नाहीत. जन्मभर सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे इतके उपास केलेली बाई. दिवस कोणता हे हरवलं, पण आज आपल्याला उपास आहे हे पक्कं राहिलं. ताट पुढे आलं की विचारायची, "आज काय वार हाय वं?" काहीही सांगा. सोमवार म्हटलं तर महादेवाचा, मंगळवार म्हटलं तर गणपतीचा. बुधवार म्हटला तर म्हणायची, "अवं, आज एकादशी आली न बुधवारची! मले पाप लावतेस का?"

वहिनी बिचारी भगर करायची, शेंगदाण्याची आमटी करायची, राजगिऱ्याचे लाडू वळायची. माय दोन घास घ्यायची आणि हात आखडायची. मग एक दिवस म्हणाली, आजचा निर्जळ हाय. झालं! तेव्हापासून जवळजवळ प्रत्येकच दिवस निर्जळ.

डॉक्टरांनी नाकातून नळी घातली. मायनं ती उपटून फेकली. पुन्हा घालायची तर हात बांधावे लागतील म्हणाले. दादा म्हणाला, "माह्या मायचे हात? बांधून तं पाहा." तो विषय तिथंच संपला. मलाही ते बघवलं नसतं.

मग दादाच्या डोक्यात युक्ती आली. तिला रोज बारसच सांगायची. बारस म्हणजे एकादशीचा दुसरा दिवस, पारण्याचा. पारणं चुकवलं तर केलेला उपास वाया जातो, हे तिनंच आम्हाला शिकवलेलं. सकाळी ताट घेऊन तो बसला. "माय, बारस आहे आज. पारणं सोड न."

माय उठून बसली. डोळ्यांत जागही आली. आम्हाला वाटलं, जमलं! पण आमच्या घरात पारण्याच्या दिवशी घरातले सगळे जेवल्याशिवाय मायनं कधी पान घेतलं नव्हतं. हे कसं विसरलो आम्ही? ती म्हणाली, "तू जेव पहिले."

"जेवलो माय."

"खोटं नको बोलू. माह्यासमोर जेव."

दादा जेवला. तिच्यासमोर वरण-भात, पोळी, भाजी, सगळं चाटूनपुसून खाल्लं. माय कौतुकानं बघत राहिली, मध्येच "वाढा वं त्याले" म्हणाली. त्याचं झाल्यावर विचारलं, "तुहा बाप जेवला का?" बाबांना जाऊन किती काळ लोटला होता. दादा हो म्हणाला, तर म्हणाली, "मले दिसले नाही. ते आले की बसीन." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुपारी पुन्हा बारस. पुन्हा दादा जेवला. रात्रीही तेच. हे असं रोज चाललं. कधी तिनं चमचाभर खाल्लं, तर त्या चमच्याच्या आशेवर हा पुढचे सगळे दिवस डबल जेवत राहिला. त्याचं पोट सुटलं, शर्टाची बटणं लागेनात. हसावं की रडावं! वहिनी माझ्याजवळ म्हणाली, "एकीले उपासानं नेऊन राहिला देव, अन् दुसऱ्याले जेवणानं."

आणि दादा मायला तोलायचा. दुकानातून वजनकाटा आणून त्यानं खाटेजवळच ठेवला होता. तिला दोन्ही काखांत धरून उभं करायचा, आकडा बघायचा आणि मला फोन करायचा. "वजन तं तेवढंच आहे वं बाई. म्हणजे लागून राहिलं न अंगाले थोडंबहुत?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आकडा पुन्हा विचारून घेतला. हेच वाक्य मी प्रयोगशाळेत किती पोरांच्या तोंडून ऐकलंय. मी त्याच संध्याकाळी नंदनवनला गेले. मायचे दंड काडीसारखे झाले होते, गालांची हाडं वर आली होती, आणि पाय मात्र गुबगुबीत. घोट्याचं हाड दिसेना. शेजारची बाई बघायला आली होती, ती म्हणाली, "पाय भरले न आजीचे! चांगलं लक्षण आहे." मी तिला असं काही बघितलं की ती चहा न घेताच गेली.

दादाला अंगणात नेऊन मी सांगितलं. म्हटलं, दादा, हे मांस नाही, पाणी आहे. रक्तातली प्रथिनं संपली की पाणी रक्तात टिकत नाही, अंगात उतरतं. डॉक्टरही तेच म्हणाले ना तुला? माझ्या टाकीतले खेकडे असेच वजन धरून असतात, आणि मग—

त्यानं मला पुढे बोलूच दिलं नाही. "तुहे खेकडे अन् माही माय एक आहे का वं? मास्तरीण झाली तं काहीबी बोलशील? काटा खोटा आहे का? माह्या दुकानातला आहे तो!"

मी पर्स उचलली आणि घरी आले. त्याचा राग आला होता. पण त्याहून जास्त मला त्याचा हेवा वाटला, हे खरं सांगते. त्याच्याकडे निदान एक आकडा तरी होता.

थंडी पडली. एका रविवारी सकाळीच त्याचा फोन. आवाजात लग्नघर होतं. "वाढलं वं! वजन वाढलं मायचं! ये तू. खेकडे आणू आज."

गेले. नाही कशी म्हणू? त्याच्यासोबत बाजारातही गेले. खेकडा घ्यावा तर दादानंच, हे नातेवाइकांत सगळ्यांना ठाऊक आहे. तो तराजूकडे बघतही नाही. एकेक उचलतो, उलटा करतो आणि पोटाकडून अंगठा दाबतो. कवच टणक लागलं की पिशवीत. लवलं की परत टोपलीत. त्या दिवशीही एक चांगला मोठा, जड खेकडा त्यानं दाबला आणि विकणारीला म्हणाला, "हा ठेव बाई तुह्याजवळच. नुसतं पाणी आहे याच्यात." मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याला काहीही जाणवलं नव्हतं. तो पुढचा उचलत होता.

घरी आलो. मायच्या उपासांमुळे मांसमच्छी आमच्याकडे मागच्या अंगणात, वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या पाट्यावर. वहिनी तिकडे मसाला वाटायला बसली. एरवी मायच्या अंगाला तेल लावणं, कपडे बदलणं, पायमोजे घालणं, सगळं तीच करायची. दादा बाजारातून आला, हात धुतले, आणि मायचे पाय गार पडलेत बघून स्वतःच मोजे घेऊन खाटेवर बसला. उजवा पाय मांडीवर घेतला. मोजा चढेना. त्यानं पाय नीट धरला, नडगीवर अंगठा रोवून.

मोजा चढवायला त्यानं अंगठा काढला, तर तिथं खळगा राहिला.

तो थांबला. खळगा भरून यायची वाट बघत राहिला. आला नाही. त्यानं शेजारी दुसरा दाबला, अगदी हलक्या हातानं. तोही तसाच राहिला. मी दारात उभी होते. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि मला काही सांगावंच लागलं नाही. मागच्या अंगणातून पाट्याचा आवाज येत होता. मला वाटलं, जाऊन वहिनीला सांगावं, खेकडे राहू दे आज.

दादानं मोजा घातला. मग दुसराही घातला. पांघरूण नीट केलं आणि काटा पायानं खाटेखाली ढकलला. जेवणाची वेळ झाली होती, मायचं ताट वहिनीनं आधीच वाढून ठेवलं होतं. मायनं डोळे उघडले आणि रोजच्यासारखं विचारलं, "आज काय वार हाय रे?"

दादानं ताट उचलून माझ्या हातात दिलं.

"एकादशी आहे माय," तो म्हणाला. "उपास आहे तुहा."

मायच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी समाधान आलं. "तेच तं मी कधीची सांगून राहिली," ती म्हणाली, आणि दादाच्या हातावर हात ठेवून झोपी गेली.