रत्नप्रभाबाईंची दिव्याची नळी

रत्नप्रभाबाई घुईखेडकरांशी माझी ओळख भांडणातून झाली. यवतमाळात त्यांच्या घराची नि माझ्या घराची भिंत एकच. त्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून निवृत्त झालेल्या, आणि मी पाटबंधारे खात्यातला कारकून. माझ्या काचेच्या टाकीतले नऊ मासे एका आठवड्यात मेले, तेव्हा मी दुकानदाराला शिव्या घालत अंगणात उभा होतो. बाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "मासे तुम्ही मारले." नवा मासा दुकानातून आणून थेट जुन्या माशांत सोडला, म्हणजे रोगच घरी आणला, असं त्यांचं म्हणणं. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी मुकाट्यानं त्यांच्या दारात गेलो, कारण त्यांच्या टाकीतले मासे धडधाकट होते आणि ते मला सहन होत नव्हतं.

त्यांनी मला बसवून शिकवलं. माशाच्या अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात, तो एक बारीक जीव. तो माशावर पोसतो, मग गळून तळाशी जातो, तिथं त्याचे शेकडो होतात आणि नव्या माशाच्या शोधात पाण्यात पोहत सुटतात. त्यांना गाठायचं ते या पोहण्याच्या वेळी. त्यासाठी बाईंनी पिण्याच्या पाण्याच्या मोडक्या फिल्टरमधला अतिनील दिवा काढला, काचेच्या नळीत बसवला, ती नळी प्लास्टिकच्या जाड पाइपात घातली आणि छोट्या पंपानं टाकीचं पाणी त्यातून हळूहळू फिरवलं. दिव्याजवळून जाणारं पाणी स्वच्छ होऊन परत येई. मारणारा उजेड डोळ्यांना दिसतच नाही, दिसते ती नुसती निळी झाक, आणि तीही बघायची नाही, डोळे जातात, हे त्या प्रत्येकाला तीनदा सांगत.

पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी गावात पंधरा-वीस घरी अशा नळ्या बसवून दिल्या. अट एकच: दर पंधरा दिवसांनी आतली काच पुसायची. आमच्या बोअरच्या पाण्यानं तिच्यावर पांढरा थर चढतो आणि मग दिवा जळूनही उपयोग नसतो. काच पुसली की नाही हे बघायला त्या न सांगता येऊन धडकत. मोठमोठे वकील त्यांना बघून फडकं शोधायला धावत. वर्ष झालं की दिवा चांगला पेटत असतानाही बदलायला लावत, कारण त्याची ताकद डोळ्यांना न कळता उतरते. लोडशेडिंगचे दिवस होते, वीज दहा-दहा तास गायब. लोक कुरकुरत, की दिवा बंद असताना काय? बाई म्हणत, वीज असेल तेवढं तरी काम करू द्या. असला कडक स्वभाव मला आधी जाचायचा. नंतर मला त्याचा अभिमान वाटू लागला, तो का, हे पुढे येईलच.

२००६ च्या डिसेंबरात कळंबहून नानाजी आले. साठीचे, अंगानं थोराड, बोलणं अगदी कमी. चिंतामणीच्या देवळामागं त्यांचं कृषी केंद्र होतं, बियाणं-खतं-फवारणीची औषधं विकायचे. दीड वर्षापूर्वी ते बंद केलेलं. घरी सात गोल्डफिश होते आणि त्यांच्या अंगावर ठिपके आले होते. माशांच्या दुकानदारानं औषधाची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. औषधाशिवाय काही होत असेल तर सांगा, एवढंच त्यांनी विचारलं. बाईंनी त्यांना तयार नळी दिली.

चौथ्या दिवशी त्यांच्या बायकोचा, मैनाबाईंचा फोन आला. घरात सगळ्यांचे डोळे लालबुंद, मिरची गेल्यासारखी आग. बाईंनी फोनवरच दिवा बंद करायला लावला, सगळ्यांना डॉक्टरकडे पाठवलं आणि मला स्कूटर काढायला सांगितली.

कळंबला जाऊन बघतो तर नानाजींनी पाइप खोलून दिवा बाहेर काढलेला आणि टाकीच्या वर तारेनं टांगलेला. खाली परात, परातीत पाणी. मला क्षणात उलगडा झाला. कपाशीवरच्या बोंडअळीचे पतंग पकडायला शेतात प्रकाश सापळा लावतात ना, तोच. नानाजींनी जन्मभर ते सापळे विकले होते. "नळीत कोंडून ठेवला त किडे दिव्यापाशी येतीन कसे?" ते मला म्हणाले. मला हसू आवरेना. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की ते जिथल्या तिथं विरलं. चूक माझी, त्या नानाजींना म्हणाल्या. दिव्याकडे बघू नका एवढं तीनदा सांगितलं, पण नळी बंद का ठेवायची हे मी तुम्हाला सांगितलंच नाही. किडे उजेडाकडे येत नाहीत, त्यांना पाण्याबरोबर उजेडापाशी न्यावं लागतं. एकतीस वर्षं लॅबमध्ये वावरलेली बाई एका दुकानदारापुढे अशी सरळ चूक कबूल करते, हे मी तरी कुठल्या साहेबाकडून पाहिलेलं नव्हतं.

त्या नळी पुन्हा जोडत असताना मैनाबाईंनी मला स्वयंपाकघरात चहाला बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं. आमच्याकडं फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात. त्या वर्षांत 'औषध घेतलं' एवढे दोन शब्द कानावर आले की पुढचं विचारावं लागत नसे. नानाजींच्या दुकानातून शेजारचा उकंडा नावाचा शेतकरी एक बाटली घेऊन गेला आणि त्याच दिवशी ती पिऊन मेला. तेव्हापासून नानाजींनी दुकान उघडलं नाही, खोकल्याच्या औषधालाही हात लावला नाही. दिवसभर भिंतीकडे बघत बसत. लेकीनं, दिपालीनं, मासे आणून दिले, तेव्हा कुठं सकाळी उठून दाणे टाकायला लागले, दोन शब्द बोलायला लागले. "हे मासे गेले त मानूस पुन्हा भिताडाकडं तोंड करीन," मैनाबाई म्हणाल्या. माझा चहा तसाच राहिला.

बाहेर येऊन मी बाईंच्या कानावर हे घातलं. त्या महिन्यात आम्ही कळंबला सहा फेऱ्या मारल्या, आणि काच पुसली का म्हणून त्यांनी नानाजींना एकदाही दटावलं नाही. तिथं त्या स्वतः पुसत.

पाण्यातले जीव मरत गेले, नवे ठिपके येणं थांबलं. आधीच खंगलेले दोन मासे गेले, चार सुधारले. सातवी मासोळी मात्र तळाशी पडून राहिली, कल्ल्यांपर्यंत ठिपक्यांनी भरलेली. सहाव्या फेरीला बाईंनी ती वेगळ्या टबात घेतली आणि नानाजींना खरं ते सांगितलं: दिवा फक्त पाण्यात पोहणाऱ्याला मारतो, अंगात घुसलेल्याला नाही. हिला औषध लागेल. बाटली मी आणली आहे, पण तुमच्या घरात तुमच्या मर्जीशिवाय उघडणार नाही. दिव्याचं एवढं वेड असलेली बाई दिव्याचं उणं आपल्या तोंडानं सांगत होती, तेही अशा माणसाला.

ती मासोळी जगली, हे मी आत्ताच सांगून टाकतो. लोकांना टांगून ठेवणं मला आवडत नाही. पण त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं. मैनाबाई दारात उभ्या. नानाजी टबाकडे बघत बसलेले. मग ते उठले आणि बाईंच्या समोर येऊन उभे राहिले.

"द्याच्या आधी मले इचारा, बाई."

"काय विचारू?"

"कायले पाह्यजे म्हून. उकंडाले मी इचारलं नोतं."

बाईंनी नानाजींच्याच बोलीत, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून विचारलं, "नानाजी, औषध कायले पाह्यजे?"

"मासोळी जगवाले," नानाजी म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला.