कमीशेठचे तीन किलोवॅट

गिऱ्हाईक आपल्या पायाने चालत आलंय, मोठी वस्तू मागतंय, आणि दुकानदार हट्टाने लहान वस्तू त्याच्या गळ्यात मारतोय, असा उफराटा व्यापारी मी आयुष्यात एकच पाहिला. नारायणगावात या शेठजींचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं. घरावर बसवायचे सोलर पॅनल ते विकायचे, म्हणजे विकण्याआधी गिऱ्हाइकाशी तासभर भांडायचे. पाच किलोवॅट मागितले की तीन द्यायचे, तीन मागितले की दोन. तालुक्याने त्यांचं नाव कमीशेठ पाडलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. फोनवरही तेच सांगायचे, "कमीशेठ बोलतोय. बिलं घेऊन या, बारा महिन्यांची."

त्यांचे आजोबा राजस्थानातून इकडे आले. नातवाची भाषा मात्र आमच्यापेक्षा आमची होती. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा जैन घरातला नेम त्यांनी कधी मोडला नाही. कुठे कामावर असले तरी पाच वाजले की घड्याळ बघायला लागायचे आणि वर म्हणायचे, "आपुन बी सोलरवरच चालतो, राव."

एकदा निमगाव साव्याचे एक बागायतदार पाच किलोवॅट पाहिजेत म्हणून अडून बसले होते. पुरावा म्हणून मे महिन्याचं भलंमोठं बिल त्यांनी टेबलावर आपटलं. शेठजींनी ते निरखून पाहिलं आणि विचारलं, "मे मधी घरात काय व्हतं?" पाहुणे म्हणाले, "थोरलीचं लगीन व्हतं. महिनाभर घरात चाळीस माणूस, अंगणात माळा." शेठजी शांतपणे म्हणाले, "पावणं, थोरली दरसाल लगीन करनार हाय का?" पाहुणे आधी भडकले, मग हसले आणि दोन किलोवॅट घेऊन गेले.

पुरुषांनी लिहून आणलेल्या यादीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. घर बघायला आले की आधी गच्चीवर जाऊन नारळाची सावली कुठवर येते ते बघायचे आणि मग थेट स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे. घरघंटी कधी लावता, शेजारच्या बायका दळण घेऊन येतात का, फ्रिज रात्री बंद करता का, असलं सगळं घरातल्या बाईला विचारायचे. "पुरुषाला घरातले पंखे म्हाईत असत्यात, ते चालतात कधी ते बाईला म्हाईत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मीही त्यांच्याकडे तीन किलोवॅट मागायला गेलो होतो. कारण? वारूळवाडीत माझ्या शेजाऱ्याच्या गच्चीवर तीन होते. खोटं कशाला बोलू! शेठजींनी माझी बिलं पाहिली. महिन्याला सरासरी एकशे दहा युनिट. "एक किलोवॅट दिवसाला चारेक युनिट देतो, मास्तर. तुमाला एक बास." मी सातवीला गणित शिकवणारा माणूस, मला हा अपमान वाटला. मग मी हुकमाचं पान काढलं. घरात वडिलांचं ऑक्सिजनचं मशीन आहे म्हटलं. शेठजी एकदम गंभीर झाले. म्हणाले, रविवारी येतो.

तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची, फुफ्फुसं निकामी होत चालली होती. हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेवरचं मशीन डॉक्टरांनी वर्षापूर्वीच घरी लावायला दिलं होतं आणि दिवसाचे पंधरा तास तरी नाकाला नळी हवी, असं बजावलं होतं. मी शाळेसाठी डिंभ्याला जायचो. सकाळी निघावं तेव्हा मशीन घरघरत असायचं, संध्याकाळी यावं तेव्हाही घरघरत असायचं. तरी तात्यांचे ओठ दिवसेंदिवस निळे का पडताहेत, हे मला उमजत नव्हतं.

रविवारी शेठजींनी मशीनच्या पाठीवरचा आकडा वाचला. साडेतीनशे वॅट. पेनाने तळहातावर आकडेमोड केली, पुन्हा केली. "मास्तर, पंधरा तास चालतं म्हनता. मग ह्ये एकटंच महिन्याला दीडशे युनिट खानार. तुमचं तर समदं घर मिळून एकशे दहा."

"लाईट जाते ना अधूनमधून," मी म्हणालो.

"येवढी न्हाई जात." ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. माझी बायको मंगल भाकरी थापत होती. "ताई, ह्ये मशीन दिवसभर चालू असतंय का?"

मंगलचे हात थांबले. तिने आधी तात्यांकडे पाहिलं, मग तिला रडूच फुटलं. "ह्ये शाळेला गेलं की तात्या बंद करत्यात. यायच्या टायमाला परत लावत्यात. रातीबी ह्ये झोपलं की बंद. मला शपथ घातलीय त्यांनी."

तात्या छताकडे बघत राहिले. "बिल लई येतं रं," एवढंच म्हणाले. रोज वर्गात गुणाकार घेणाऱ्या मला घरातला हा एक गुणाकार करता आला नव्हता. त्या दिवशी वाटलेली शरम अजून गेलेली नाही.

शेठजी तात्यांच्या खाटेवर टेकले. "तात्या, मी लोकांची मापं कमी करतो, तुमी तर श्वासच कमी केला. तुमी माझ्याबी वरताण!" तात्यांना हसू आलं, हसण्यातून खोकला आला. शेठजींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "बिलात वापरलेली वीज दिसते, मास्तर. जीव मारून वाचवलेली दिसत न्हाई. तीनच बसवू, पावसाळ्यातबी मशीन थांबाया नको. वर बॅटरी बी."

आयुष्यात माप वाढवून दिलेलं त्यांचं हे एकच घर असावं. पॅनल लागले तेव्हा त्यांनी तात्यांना खुर्चीत बसवून घरात वीज किती वापरली ते सांगणारा मीटर दाखवला. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी मंगलला फोन यायचा, "कमीशेठ बोलतोय. किती युनिट झाले?" आकडा खाली आला की तिची खरडपट्टी. तात्या कुरकुरायचे, "लाव बाई मशीन, न्हाईतर शेठ वरडंल." ओठांचा निळेपणा कमी झाला. दोन हिवाळे तात्या अंगणात ऊन खात, नाकात नळी घालून, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत बसले.

तिसऱ्या हिवाळ्यात ते गेले. शेठजी भेटायला आले, तात्यांच्या खाटेवर टेकले. उठताना सवयीने ओसरीवरच्या मीटरपाशी थांबले. "मास्तर, घराला सिस्टीम आता मोठी झाली," म्हणाले. हेच वाक्य त्यांनी शेकडो गिऱ्हाइकांना ठणकावून सांगितलेलं मी ऐकलं होतं. तेव्हा त्यांचा आवाज कधी असा फुटला नव्हता.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी फोन वाजला. मंगलने उचलला. "कमीशेठ बोलतोय," ते म्हणाले, पण युनिट विचारले नाहीत. बहुधा बोट सवयीने फिरलं होतं. मंगल उठून मीटरपाशी गेली, आकडा नीट वाचून तिने सांगितला, "शेठजी, दर आठवड्यापरीस चाळीस युनिट कमी आलं."

"येनारच, ताई," शेठजी म्हणाले. या वेळी ते रागावले नाहीत. पण फोन त्यांनी लवकर ठेवलाही नाही.