सांग बरं, किती बोटं?

माझ्या डाव्या डोळ्याचं असं झाल्यापासून घरी येणाऱ्या प्रत्येक माणसाला एकच सुचतं. चहा यायच्या आत पाहुणा मला चांगला डोळा झाकायला लावतो आणि हात वर करतो. "सांग बरं, किती बोटं?"

अरे, मी काय बालवाडीत आहे का?

टोमॅटोच्या रानात बांबूवरची तार ताणताना तिचं टोक पकडीतून निसटलं आणि सरळ डोळ्यात बसलं. पुण्याला दोन ऑपरेशनं झाली. आतला पडदा सुटला म्हणून डोळ्यात तेल भरलं आणि पंधरा दिवस पालथं झोपायला लावलं. जेवायचं ते मान खाली घालून, बोलायचं ते फरशीशी. एवढं सोसून हाती काय लागलं? उजेड कळतो, बस्स. सकाळी उठल्यावर चांगला डोळा मिटून मी दार शोधते. सापडलं की लई बरं वाटतं.

हे घरात खरं सांगायला हवं होतं. पण वैताग आला होता हो! एक दिवस आळेफाट्याहून नणंद आली, तिनं हात वर केला आणि मी ठोकून दिलं, "दोन."

काय तिचा आनंद! तेव्हा मला शोध लागला, की आमच्या जुन्नरकडचं माणूस दोनच बोटं दाखवतं. तीन दाखवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. मग मी सगळ्यांनाच दोन सांगायला लागले. एखाद्या वेळी चुकलं तर म्हणायचं, आज जरा धूसर आहे. पीडा टळायची.

आणि आता तिसऱ्या ऑपरेशनचं निघालं. पडदा पुन्हा सुटलाय. आमचे मालक औषधाच्या रांगेत होते तेव्हा डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, "केलं तरी नजर येईल असं मी म्हणणार नाही. आहे तो उजेडही जाऊ शकतो. नाही केलं तर तो हळूहळू जाईल, कधी ते सांगता येत नाही. तुम्ही ठरवा."

मी कसली ठरवतेय! घरी येईपर्यंत मालकांचं ठरलंसुद्धा. "डॉक्टर तसंच बोलत्यात. अंगावर घेत न्हाईत. तुला दोन बोटं दिसत्यात ना? मग अजून एक केलं की लख्ख दिसंल." नणंदेचंही फोनवर तेच. कुणावर चिडू? माझंच खोटं माझ्या मानगुटीवर बसलं होतं.

जायच्या आदल्या सकाळी मालक रिपोर्ट पिशवीत भरत होते. मी एकदम ओरडले, "मला नाय जायचं!"

"का?"

"डोळा माझा हाय म्हणून!"

ते म्हणाले, "चांगला डोळा झाक. किती बोटं?"

"दोन," मी सवयीनं म्हणाले.

हात काढून बघितलं, तर त्यांचे दोन्ही हात पिशवीतच होते.

"मी हात वरच केला न्हाई," ते म्हणाले.

मला रडू फुटलं आणि रागही आला. "सगळे मेले दोनच दाखवता! नाय दिसत मला बोटं. नुसता उजेड दिसतो. असंल तोवर तेवढा तरी ऱ्हाऊ द्या मला."

पिशवी ठेवून ते दारात जाऊन उभे राहिले. "झाक परत. आता खरं सांग."

मी झाकला. समोरचा उजेड निम्मा झाला.

"दारात कुणीतरी हाय."

"कोण?"

"ते नाय कळत."

मग त्यांनी तिथूनच दवाखान्यात फोन लावला आणि उद्या आम्ही येत नाही म्हणून सांगून टाकलं. त्यांचं बोलून होईपर्यंत मी चांगल्या डोळ्यावरचा हात काढला नाही.