नानांचं ‘ड्रॉ’चं कार्ड

“भाऊजी, हे गेले हो…” त्या दिवशी सकाळी नाचणगावहून नानांच्या बायकोचा, वहिनींचा, फोन आला. सांगायला लाज वाटते, पण रडू फुटायच्या आधी मला एका कार्डाची आठवण झाली.

नाना माझे जुने मित्र, शाळेत इंग्रजीचे मास्तर. निवृत्तीनंतर त्यांनी इंग्रजी-वऱ्हाडी शब्दकोश करायला घेतला. एका शब्दाला एक कार्ड, आणि प्रत्येक अर्थापुढे वऱ्हाडी शब्द ज्याच्या तोंडून ऐकला त्याचं नाव. “लोकं म्हणते तेच लिहाचं. मनचं नाई,” हा त्यांचा खाक्या. मी, मनोहर, पोस्टातून निवृत्त, रिकामटेकडा. गावोगाव शब्द आणायला मला पिटाळायचे.

सगळ्यात जास्त छळलं ते ‘ड्रॉ’नं. मूळ अर्थ ओढणं, जुन्या इंग्रजीत ‘द्रागन’, आणि ‘ड्रॅग’ त्याचा सख्खा भाऊ, हे नाना रंगात येऊन सांगायचे. टेबलाचा ड्रॉवरही त्यातलाच, ओढायचा म्हणून. “पोट्टे चित्र काढते, मंजे का करते? पेन्सिल कागदावरून ओढतच नेते ना!” पण आपल्याकडे गाडी ओढतात, रक्त काढतात, पडदा सरकवतात… एकेका अर्थाला नवा माणूस शोधावा लागे. विहिरीतलं पाणी ओढण्याच्या अर्थासाठी त्यांनी मला केळझरला धाडलं. ऊन मरणाचं होतं. मी गेलोच नाही. आमची आई, आता ऐंशीच्या पुढची, नालवाडीच्या घरी ‘पाणी शेंदणं’ म्हणते. तेच लिहिलं आणि पुढे मनचंच नाव ठोकून दिलं : कौसल्याबाई, केळझर.

दोन आठवड्यांनी चहा पिताना नाना सहज म्हणाले, “केळझरले गेलतो. गणपतीचं दर्शन झालं.”

मी कप खाली ठेवला. “कोनी… भेटलं का?”

“लय लोकं भेटले.” एवढंच. आणि पुढचं कार्ड माझ्यापुढे सरकवलं. त्यानंतर दर रविवारी त्यांच्याकडे जाताना वाटायचं : आज विचारतील… आज नक्की विचारतील. शेवटी दवाखान्यात होते तेव्हासुद्धा त्यांनी विचारलं नाही. मीही बोललो नाही, भित्रा कुठला.

मागच्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. “छापाले द्याच्या आंधी तुमी एकदा पाहून घ्या. ह्यायनं सांगूनच ठेवलं होतं.” नानांच्या खोलीत कार्डांचं खोकं उघडून बसलो. आधी ‘ड्रॉ’चं कार्ड शोधून काढलं. कौसल्याबाईवर लाल रेघ मारलेली. खाली नानांचं बारीक, सरळ अक्षर : मनोहरची आई, नालवाडी. स्वतः ऐकलं.

नालवाडीला घरी येऊन चपला न काढताच आईला विचारलं, “नाना आलते का इथं, मी नसताना?”

“आलते ना. तू बाजारात गेलता. मले इचारलं, इहिरीतून पानी काढाले तुमी का म्हनता? म्या सांगतलं, शेंदनं. लिहून घेतलं त्यायनं.” मग म्हणाली, “जाताना म्हने, मनोहरले सांगू नोका. त्याले लाज वाटन.”